आधी चादर, मग नारळ

माझ्या कार्यालयाच्या कपाटात एक पांढरी चादर घडी करून ठेवलेली असते. परगावी विकत घेतलेली गाडी ट्रेलरवरून बीडला उतरली की ती चादर मी गाडीच्या पोटाखाली अंथरतो, इंजिन अर्धा तास चालू ठेवायला लावतो आणि मग चादर बाहेर ओढून उजेडात पाहतो. तोवर मी घेणाऱ्याला सही करू देत नाही, हार घालू देत नाही आणि नारळही फोडू देत नाही. या वागण्यामुळे काही जण माझ्यामागे मला 'अपशकुनी भाऊ' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही. ही चादर माझ्याकडे कशी आली, हे त्यांना ठाऊक नाही, आणि ते सांगण्याचे धैर्य गोळा करायला मला बरीच वर्षे लागली.

माझा व्यवसाय गाड्या आणवून देण्याचा. दिल्ली, सुरत, हैदराबाद अशा ठिकाणी कोणी जुनी गाडी घेतली की ती बीडपर्यंत आणण्याची व्यवस्था मी करतो. ट्रेलर माझा नसतो. तो दुसऱ्याचा, त्यावरचा चालक तिसऱ्याचा आणि गाडी ज्याच्या दारातून उचलायची तो चौथाच. या सर्वांच्या मध्ये मी फोन घेऊन बसलेला असतो. ग्राहकाला वाटते की त्याची गाडी माझ्या हातात आहे. वास्तविक माझ्या हातात शब्दाखेरीज काही नसते.

बाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगणे आवश्यक आहे, की गाडी ट्रेलरवर चढवताना एक तपासणीपत्रक भरतात. त्यावर गाडीचे चित्र छापलेले असते. जिथे ओरखडा किंवा पोचा असेल तिथे फुली मारायची, मीटरवरचे किलोमीटर लिहायचे, गाडी रिकामी असल्याची खात्री करायची. उतरवताना तेच पत्रक हातात घेऊन गाडीभोवती पुन्हा फिरायचे आणि नवी फुली निघाली तर ती सहीच्या आधी लिहून घ्यायची. सही झाली की गाडी सुस्थितीत मिळाली असे ठरते, आणि मग तुम्ही कितीही कंठशोष केला तरी ऐकणारा कोणी नसतो.

तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून माझे ग्राहक होते. त्यांनी दिल्लीच्या भाच्याला कामाला लावून गाडीच्या पाचही टायरांवरचे नंबर आधीच मागवून घेतले होते. गाडी उतरताच ते भिंग घेऊन उकिडवे बसले. आम्ही सगळे हसलो. पाचव्या टायरपाशी ते थांबले आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, स्टेपनी बदलली." खरोखरच बदलली होती. मी थक्क झालो तेव्हा ते म्हणाले, "तीस वर्षं सातबारे बघितलेत मी. जमीन तीच दिसते, बांधही तेच दिसतात. गट नंबर बघायचा असतो." त्या दिवशी मी त्यांचे कौतुक केले, शिकलो मात्र काही नाही.

न शिकण्याचे कारण असे, की असा ग्राहक हजारात एखादा. आमच्याकडे दारी आलेली गाडी ही वस्तू नसते, ती घरात येणारे माणूस असते. बायका तिला ओवाळतात, पत्र्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, हार घालतात, चाकांखाली लिंबे ठेवतात आणि मग नारळ फुटतो. तो फुटेपर्यंत गाडीत काही खोट आहे असे कोणी उच्चारायचे नसते. उच्चारले तर नाट लागतो, अपशकुन होतो. आम्ही धंद्यातली माणसे हे पक्के ओळखून असतो. म्हणून सहीचा कागद मी नेमका हार आणि नारळ यांच्या मधल्या क्षणी पुढे करत असे. हे मला कोणी शिकवले नव्हते. ते मला आपोआप सुचले होते आणि त्याचा मला पुष्कळ वर्षे अभिमान होता.

एका दुष्काळी वर्षी पावसाळा संपत आला तरी गुरांच्या छावण्या उठल्या नव्हत्या. शिरूर कासारच्या पुढच्या एका गावात बायकांची दूध सहकारी संस्था होती. बायका सकाळी छावणीत जाऊन धारा काढत आणि दूध केंद्रावर आणून घालत. गुरांच्या पोटात पुरेसे नाही म्हटल्यावर दूध आटले, आणि एवढ्याशा दुधासाठी टेम्पो पाठवणे परवडत नाही असे वरच्या दूध संघाने कळवले. दसऱ्यानंतर दूध तुम्ही स्वतः सकाळी साडेआठच्या आत शीतकरण केंद्रावर पोहोचवा, नाहीतर तुमचे केंद्र बंद, अशी अट घातली गेली.

संस्थेच्या सचिव मंदाताई. शिक्षण दहावीपर्यंत, अक्षर मोत्यासारखे, बोलणे मोजके. तालुक्यात दूध संस्थेची सचिव बाई असणे ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. मंदाताईंनी एका सभासद बाईच्या सुरतेला कामाला असलेल्या दिरामार्फत एक जुनी व्हॅन ठरवली. मागची आसने काढली की तिच्यात दुधाचे कॅन नीट बसणार होते. गाडी आणण्याचे काम घेऊन त्या माझ्याकडे आल्या. सोबत संस्थेचे सल्लागार बाबूराव अण्णा होते, गावातले सर्वांत वडीलधारे.

"भाऊ, गाडी लई जपून आणा," अण्णा म्हणाले. "ह्या गाडीपायी सतरा घरं औंदा ऊस तोडायला जायची थांबलीत."

मी विचारले, ते कसे?

"अहो, कोयता म्हंजे नवराबायकोची जोडी. बाई न्हाई तर मुकादम गड्याला इचारीत न्हाई. बाया म्हणल्या, दूध चालू राहिलं तर आमी गुरांपाशी ऱ्हातो, लेकरं शाळंत ऱ्हातील. मुकादमाला सतरा घरांनी न्हाई म्हणलंय. पयल्यांदाच."

मंदाताई फक्त एवढेच म्हणाल्या, "ट्रेलरवरच आणाल ना भाऊ? जुनी गाडी हाय. घाट लई हायेत मधी."

मी म्हणालो, "ताई, ट्रेलरवरच येईल." माझ्या हातात असलेला शब्द तो हा.

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना सुरतेहून फोन आला. ट्रेलर भरला होता, पुढचा दसऱ्यानंतर निघणार होता. एक चालक मोकळा होता. तो गाडी रस्त्याने चालवत आणायला तयार होता. मी क्षणभर थांबलो. मंदाताईंना फोन करून विचारणे हा सरळ मार्ग होता. त्या नाही म्हणाल्या असत्या तर काम गेले असते. म्हणून मी विचारले नाही. गाडी वेळेवर पोहोचणे त्यांच्याच हिताचे आहे, असे मी स्वतःला समजावले. भाडे मात्र ट्रेलरचेच घेतले.

चाकांवर आलेली गाडी ट्रेलरवर आली असे भासवणे कठीण नसते. मीटरची केबल निघालेली असली की काटा हलत नाही आणि किलोमीटर जिथल्या तिथे राहतात. ट्रेलर तसाही गावात शिरत नाही, त्यामुळे गाडी शेवटची मजल चालत आली याचे कोणाला नवल वाटत नाही. चालक बीडच्या बाह्यवळणावर मला भेटला, तेव्हा केबल पुन्हा जोडून झाली होती. तो म्हणाला, "साहेब, घाटात एक वळण कच्चं काढलंय. तिथं दगडाला खालून जराशी घासली. काही नाही, चालू आहे."

त्या दिवशी मी पांढरा झब्बा-पायजमा घातला होता, कारण गावात कार्यक्रम होता. गाडीखाली पाहायचे तर धुळीत गुडघे टेकावे लागले असते. मी वाकलो नाही. तपासणीपत्रकातल्या चित्रावर नजर फिरवली. पुढची बाजू, मागची, डावी, उजवी, छत. सगळे ठीक होते. त्या चित्रात गाडीचे पोट नसते, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.

गावात हलगी वाजत होती. बायकांनी दुधाचे कॅन घासून आरशासारखे केले होते. पारूबाई नावाच्या एका सभासद बाईने गाडीला ओवाळले आणि नवरीवरून मोडावीत तशी तिच्या काचेवरून बोटे मोडली. सगळे हसले. हार चढला. मी कागद आणि पेन पुढे केले.

मंदाताईंनी पेन घेतले, पण त्या खाली पाहत होत्या. गाडीखालच्या मातीवर रुपयाएवढा काळा डाग होता. आमच्या देखत त्यावर आणखी एक थेंब पडला.

"भाऊ, हे काय गळतंय?"

"मंदे," अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, "नारळ फुटूस्तोर तोंडातून वंगाळ काढू नगं."

सगळे थबकले. हलगीवालाही थांबला. मंदाताईंनी अण्णांकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. तो थेंब कशाचा असू शकतो, हे मला त्या घटकेला कळले होते. घाट, दगड, 'खालून जराशी घासली', हे सारे एका क्षणात जुळले होते. आणि मी हसून म्हणालो, "प्रवासात थेंब दोन थेंब पडतातच, ताई."

त्यांनी सही केली. नारळ फुटला. मला पेढा मिळाला आणि मी तो खाल्ला.

पाचव्या सकाळी इंजिन जाम झाले. दगडाने खालचे ऑइलचे चेंबर चिरले होते. तेल थेंबाथेंबाने गळून संपले आणि कोरडे इंजिन चालता चालता आवळून गेले. गाडी मधल्या माळावर उभी राहिली. त्या रस्त्याला दुसरे वाहन येईपर्यंत ऊन चढले आणि सगळे दूध नासले. उभी गाडी आणि तिच्या बाजूला रस्त्यावर ओतलेले दूध चाटणारी कुत्री, हे दृश्य मला अण्णांनी सांगितले. मी ते पाहिले नाही, तरी आजही ते मला पाहिल्यासारखे आठवते.

मंदाताई आणि अण्णा त्याच दिवशी दुपारी माझ्या कार्यालयात आले. अण्णा दारातूनच म्हणाले, "भाऊ, तुमीच आणली, आता तुमीच बघा. इमा हाय म्हणला होता न्हवं?"

विमा होता, पण तो ट्रेलरवर चढलेल्या गाडीचा होता. स्वतःच्या चाकांवर आलेल्या गाडीला त्याचा आधार नसतो. मी दावा लावला असता तर पहिल्या दिवशी ट्रेलरची पावती मागितली गेली असती, आणि ती अस्तित्वात नव्हती. हे सर्व मी बोललो नाही. मी खण उघडला, सही केलेले पत्रक काढले आणि टेबलावर त्यांच्याकडे तोंड करून ठेवले.

"अण्णा, गाडी सुस्थितीत मिळाली, अशी सही आहे. माझे हात बांधलेले आहेत."

आवाज माझाच होता. इतका मृदू, इतका समजूतदार, की ऐकून मीच हादरलो. माणूस एवढ्या हळुवारपणे एवढे निर्दय बोलू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

अण्णा भडकले. "कावून? आमी काय इंजिनाच्या आत बघायचं हुतं? कागुद दाखवितो व्हय मला!" मंदाताई मात्र समोरच्या खुर्चीत बसून होत्या. मांडीवरच्या कापडी पिशवीवर त्यांनी दोन्ही हात घट्ट धरले होते आणि त्या माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. त्या दृष्टीत राग नव्हता. कशाची तरी वाट पाहणे होते. मी मान खाली घातली. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला अण्णा. सही माझीच हाय."

नवे इंजिन बसेपर्यंत थांबायला संघ तयार नव्हता. केंद्र बंद झाले. दिवाळीनंतर एका सकाळी मी बीडहून कामासाठी निघालो असताना रस्त्याच्या कडेला उसाच्या टोळीचा ट्रक चहासाठी थांबला होता. वर भांडी, गोणपाटे, कोंबड्या, लेकरे. कोणीतरी हाक मारली, "ओ भाऊ!" पाहतो तर पारूबाई. तिच्या मांडीशी दुधाचा कॅन होता, अजून आरशासारखा चकचकीत.

"पाण्याला आणलाय," ती हसत म्हणाली. "दुधाचा कॅन पाण्याला लई बेस. झाकण घट्ट बसतंय बगा."

तिला माझ्यावर राग नव्हता. गाडीला नाट लागला, असेच गावाने मानले होते. आणि तो लागला कोणामुळे, तर नारळाआधी बोललेल्या मंदाताईंमुळे. "मंदीनं तोंड उघडलं न्हाई पायजे हुतं," पारूबाई म्हणाली. मी रस्त्यात उभाच राहिलो. माझा अपराध कोणीतरी उचलून एका निरपराध बाईच्या माथी ठेवला होता आणि मला त्यासाठी काही करावेही लागले नव्हते. ट्रक निघून गेला. खरे काय ते मी तेव्हाही बोललो नाही.

त्याच आठवड्यात मी ती चादर घेतली. प्रायश्चित्त म्हणून घेतली असे म्हणवत नाही. प्रायश्चित्त ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर घ्यायचे असते, आणि मी ते अनोळखी ग्राहकांसमोर घेत होतो. तरी त्या चादरीने पुष्कळांना वाचवले, हे खरे. गाडी खरोखर ट्रेलरवरून उतरताना मालकाने पाहावी, चढवतानाचे फोटो मागवावेत, विम्याचा कागद स्वतः वाचावा, मध्यस्थाच्या गोड बोलण्यावर सही करू नये, हे मी आता मध्यस्थ असूनच लोकांना सांगतो.

मग गेल्या वर्षी फोन आला.

"सुधाकरभाऊ, वळखलं का? मंदा बोलते."

संस्था पुन्हा उभी राहिली होती. हैदराबादेत एक गाडी ठरली होती. ती मी आणावी, असे त्यांचे म्हणणे होते. मी अडखळत विचारले, की एवढे लोक असताना मीच का?

"ठेच लागलेला माणूस रस्ता बघून चालतो म्हणत्यात. बघू."

गाडी ट्रेलरवरच आली. मंदाताई बाह्यवळणावर स्वतः आल्या. केस पांढरे झाले होते. मी कपाटातली चादर आणली होती. पण त्यांनी पिशवीतून स्वतःची काढली, पदर खोचला आणि भर धुळीत गुडघे टेकून ती गाडीखाली सारली.

"चार बाजू कुनालाबी दिसत्यात, भाऊ. पोट बघायचं तर वाकावं लागतं."

इंजिन सुरू झाले. अर्धा तास थांबायचे होते. मी म्हणालो, "ताई, तुम्हाला एक सांगायचे आहे. ती पहिली गाडी ट्रेलरवर आली नव्हती."

त्या म्हणाल्या, "ठावं हाय."

मला वाटले, मी चुकीचे ऐकले. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची एक लहान पुडी काढली. आत तीन चिठ्ठ्या होत्या. "गाडीत सांडलेलं दूध पुसताना फुडच्या शिटाखाली सापडल्या. वाटंतल्या टोलनाक्यांच्या पावत्या. ट्रेलरवर बसून आलेली गाडी टोल कशी भरंल? त्या दिवशी तुमच्या हापिसात आल्ते, तवा पिशवीत ह्याच हुत्या."

त्या कापडी पिशवीवरचे दोन हात मला आठवले. "मग काढल्या का नाहीत? तुम्ही जिंकल्या असतात."

"आधी वाट बघितली, तुमी स्वताहून बोलाल म्हणून. तुमी कागुद ठिवला. मग मनात आलं, पावत्या काढल्या तर पयला सवाल मलाच. थेंब बघितलाता, मग सही कावून केली? गाव म्हणलं असतं, बाईला सचिव केलं की असंच व्हतंय. फुडं एकबी बाई सचिव झाली नसती. नाट लावणारी म्हणून घेतलं, ते सोपं गेलं."

मी कसाबसा म्हणालो, "अण्णांनी तुम्हाला गप्प केले म्हणून..."

"अण्णांनी?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "अण्णांच्या बोलण्यानं मी कदी गप बसले न्हाई. तुमी म्हणला, थेंब पडतोच. धंद्यातला माणूस म्हणाला म्हणून सही केली."

इतकी वर्षे मी त्या सहीचा निम्मा दोष रूढीवर टाकत आलो होतो. तो निम्माही तिथे, त्या धुळीत, माझ्याकडे परत आला.

त्यांनी तीनही चिठ्ठ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. मी त्या उजेडाकडे धरल्या. कागद पूर्ण कोरे होते. तसल्या पावत्यांची शाई टिकत नाही. नाव, नाका, वेळ, सगळे उडून गेले होते. आता त्यांनी कोणाचेच काही सिद्ध होणार नव्हते.

"अक्षरं गेली," मंदाताई म्हणाल्या. "तुमाला वाचता येतील. ठिवा तुमच्यापाशी."

पुढच्या रविवारी गावात संस्थेची सभा आहे, मी तिथे येऊन सर्वांसमोर खरे सांगेन, असे मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. आभार मानले नाहीत. सभेत मी बोललो. पारूबाई पुढच्याच रांगेत होती. माझे संपल्यावर ती मंदाताईंकडे वळून एवढेच म्हणाली, "आन मी तुला इतकी वरसं..." आणि तिने पदर तोंडाला लावला. मला कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरे झाले असते.

पण ते नंतरचे. त्या सकाळी अर्धा तास भरल्यावर मंदाताईंनी चादर ओढून काढली आणि दोन्ही हातांनी उन्हात पसरून धरली. एकही डाग नव्हता. त्यांनी सही केली, हार घातला आणि नारळ माझ्या हातात दिला. "फोडा, भाऊ. ह्या बारीला तुमी फोडा."

मी नारळ हातात घेऊन गाडीसमोर उभा राहिलो. अंगावर त्या दिवशीही पांढरे कपडे होते. चादर स्वच्छ निघाली होती, ती मी डोळ्यांनी पाहिली होती. तरी मी नारळ कडेला ठेवला, धुळीत गुडघे टेकले आणि आधी गाडीखाली वाकलो.